‘ठाऊक नव्हते’ : कितपत खरे?

गेल्या पंधरवड्यात मलकापूरहून एका ज्येष्ठ वाचकांचे पत्र आले. वय अठ्ठ्याहत्तर, हृदय थकलेले, पायांवर अधूनमधून सूज. पण अक्षर वळणदार आणि प्रश्न नेमका. त्यांचा सतरा वर्षांचा नातू कराडकडच्या एका तालमीत कुस्तीचा सराव करतो. दिवाळीपासून घरातल्या कपाटात प्लास्टिकचा एक मोठा डबा आला आहे आणि त्यातली पावडर तो दुधातून घेतो. उत्तेजकांमुळे एका खेळाडूवर बंदी आल्याची बातमी आजोबांनी वाचली आणि नातवाला विचारले, “अरे, तुझ्या डब्यात काय आहे?” नातू हसून म्हणाला, “आजोबा, पकडले तर सांगायचे, मला ठाऊक नव्हते. सगळे तेच सांगतात.” आजोबांना प्रश्न पडला आहे तो असा : असे सांगितले तर ते मानले जाते का? आणि ते कधी खरे असते का?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, त्यांनी स्वतःविषयी एक ओळ लिहिली आहे. लघवी जास्त होण्यासाठी दिलेली त्यांची गोळी अलीकडे महिना पुरत नाही, चार-पाच दिवस आधीच संपते. आपली स्मृती तर क्षीण होत नाही ना? त्या ओळीकडे मी शेवटी वळणार आहे. ती ओळ किरकोळ नाही.

मलकापूरच्या वाचकांना कुस्तीचे महत्त्व समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. 1952 साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक देणारे खाशाबा जाधव आपल्याच कराड तालुक्यातील गोळेश्वरचे. त्या पिढीचा खुराक घरातच तयार होई. दूध, तूप, बदामाची थंडाई, आणि ती घोटणारे हात ओळखीचे असत. वस्तादांनी पुढे केलेला पेला पैलवानाने ‘यात काय आहे’ असे विचारून घ्यावा, ही रीतच नव्हती; तसे विचारणे उद्धटपणाचे ठरले असते. हा विश्वास तालमीचे वैभव होता. आज पेला तोच आहे, विश्वासही तोच आहे, परंतु पेल्यातला पदार्थ कोठून आला हे वस्तादांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. म्हणूनच ‘मला ठाऊक नव्हते’ हे वाक्य ऐकताच खोटे म्हणून झटकून टाकावे, असे मला वाटत नाही. मात्र ऐकताच खरे मानावे, असेही वाटत नाही.

या बाबतीतला मूळ नियम कठोर आहे. जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्था, म्हणजे ‘वाडा’, आणि आपली राष्ट्रीय संस्था ‘नाडा’ यांच्या नियमांनुसार खेळाडूच्या शरीरात जे सापडते त्याची जबाबदारी खेळाडूचीच. त्याने ते जाणूनबुजून घेतले की नकळत, हा प्रश्न दोष ठरवताना विचारलाच जात नाही. तो विचारला जातो शिक्षा ठरवताना. स्नायू वाढवणारी स्टिरॉइडे सापडली तर शिक्षा साधारणपणे चार वर्षांची. हेतू नव्हता हे खेळाडूने सिद्ध केले तर ती कमी होऊ शकते. खोकल्याच्या औषधातून नजरचुकीने शरीरात येऊ शकतात अशा द्रव्यांचा एक वेगळा वर्ग आहे. त्यांच्यासाठी शिक्षा सौम्य असते आणि काही वेळा केवळ ताकीद देऊनही सोडतात. पण सवलत मागणाऱ्याने बहुधा पहिली पायरी ओलांडावीच लागते : ते द्रव्य शरीरात नेमके कसे आले हे दाखवायचे. ‘कोठून आले ठाऊक नाही’ एवढ्याने जवळजवळ कधीच भागत नाही. नियम क्रूर वाटेल, पण तो नसता तर नातवाचे वाक्य अक्षरशः खरे ठरले असते. सगळ्यांनी तेच सांगितले असते आणि सगळे सुटले असते.

महाराष्ट्राने हा प्रश्न सर्वांत तीव्रपणे अनुभवला तो 2016 च्या उन्हाळ्यात. नरसिंग यादव हे 2011, 2012 आणि 2013 अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी ठरलेले मल्ल. 2015 मध्ये लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक जिंकून त्यांनी 74 किलो गटात भारतासाठी रिओ ऑलिंपिकची जागा मिळवली. त्या जागेसाठी निवड चाचणी व्हावी म्हणून सुशील कुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ती मागणी फेटाळली. त्यानंतर काही दिवसांतच, 25 जून रोजी, सोनीपतच्या सराव शिबिरात नरसिंग यांचा लघवीचा नमुना घेण्यात आला आणि त्यात मेटॅनडायनोन हे स्टिरॉइड आढळले. 5 जुलैच्या दुसऱ्या नमुन्यातही तेच. नरसिंग यांचे म्हणणे होते की आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, हा कट आहे. 1 ऑगस्टला नाडाच्या शिस्तपालन समितीने ते मान्य केले व त्यांना दोषमुक्त केले. महाराष्ट्रात पेढे वाटले गेले असतील, तर त्यात नवल नाही.

वाडाने या निर्णयाविरुद्ध क्रीडा लवादाकडे दाद मागितली. 18 ऑगस्टला, त्यांच्या लढतीच्या आदल्या दिवशी, रिओमध्येच निर्णय झाला : चार वर्षांची बंदी. एकच मनुष्य, तेच नमुने, आणि अठरा दिवसांच्या आत दोन परस्परविरोधी निष्कर्ष. हे कसे घडले? माझ्या समजुतीप्रमाणे पहिल्या समितीने माणसाची परिस्थिती अधिक ऐकली, तर लवादाने लघवीचे म्हणणे अधिक ऐकले.

लघवी बोलते, हे वाचकहो, आपल्यापैकी मधुमेहींना वेगळे सांगायला नको. औषध पोटात गेले की यकृत त्याचे तुकडे करते. काही तुकडे एक-दोन दिवसांत निघून जातात, काही आठवडेच्या आठवडे रेंगाळतात. कोणते तुकडे किती प्रमाणात सापडले यावरून औषध अंदाजे किती व केव्हा पोटात गेले याचा तर्क करता येतो. ओल्या चिखलातले पाऊल पाहून जाणकार शेतकरी जनावर केव्हा गेले ते सांगतो, तसे. लवादापुढे तज्ज्ञांनी सांगितले की पहिल्या नमुन्यातील प्रमाण इतके जास्त होते की पाण्यात मिसळलेल्या पावडरीतून ते येणे संभवत नाही. एक-दोन गोळ्या तोंडावाटे घेतल्यावरच ते येते. लवादाने ठरवले की गोळ्यांच्या रूपात, हेतुपूर्वक आणि एकाहून अधिक वेळा सेवन झाले असण्याची शक्यता अधिक आहे, आणि कटाचा खराखुरा पुरावा समोर आलेला नाही. ‘शक्यता अधिक’ हे शब्द येथे महत्त्वाचे आहेत. फौजदारी खटल्यात लागते तितकी निःसंशय खात्री या प्रक्रियेत लागत नाही; पारडे एका बाजूला झुकले की पुरे. सोनीपतच्या त्या खोलीत काय घडले, हे सांगण्याचा अधिकार मला नाही. पण नातवाला एवढे जरूर सांगता येईल की ‘ठाऊक नव्हते’ हे म्हणणे आता केवळ चेहरा पाहून तपासले जात नाही. ज्याला ठाऊक नव्हते त्याच्या लघवीतील कहाणी आणि तोंडातील कहाणी एकमेकींशी जुळावी लागते.

ती जुळते तेव्हा काय होते, याचेही उदाहरण आपल्याजवळच आहे. विरारचा पृथ्वी शॉ 2018 मध्ये राजकोटला पदार्पणाच्याच कसोटीत शतक झळकावून घराघरांत पोहोचला. फेब्रुवारी 2019 मध्ये इंदूर येथे सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन सापडले. हे द्रव्य आपल्याकडील खोकल्याच्या अनेक पातळ औषधांत असते. खोकला झाला म्हणून औषध घेतले, हे त्याचे स्पष्टीकरण नियामक मंडळाने मान्य केले. खेळ उंचावण्याचा हेतू नव्हता, हेही मान्य केले. तरी बंदी आली, आठ महिन्यांची. म्हणजे त्याचे अज्ञान खरे मानले गेले, आणि खरे असूनही ते पूर्णपणे क्षम्य ठरले नाही. बाटलीवर नाव छापलेले होते. ते वाचायचे राहिले.

येथे जरा थांबून आपल्या घरातल्या बाटलीकडे पाहू. खोकल्याचे ते औषध आपल्यापैकी कितीजण दुकानदाराला नुसते ‘खोकल्याचे द्या’ असे म्हणून आणतात? टर्ब्युटालिन श्वासनलिका सैल करते, आणि त्याच वेळी हृदयाचे ठोके वाढवते, हात थरथरवते. तरुण क्रिकेटपटूला त्याने बंदी आणली; हृदयविकार असलेल्या किंवा ठोके अनियमित पडणाऱ्या वृद्धाला ते रात्रभर धडधड देऊ शकते. मग ती धडधड नवा आजार समजून आणखी एक गोळी सुरू होते. बाटलीवरची घटकद्रव्ये बारीक अक्षरात असतात, हे खरे आहे. पण घरात नातवंडांचे डोळे आणि मोबाइल कॅमेरा आहे. छायाचित्र काढून अक्षर मोठे करून वाचून घ्यावे.

काही वेळा अज्ञान इतके निखळ असते की शिक्षेचाच राग येतो. 2000 साली सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची सोळा वर्षांची आन्द्रेआ रडुकान जिम्नॅस्टिक्समध्ये सर्वोत्तम ठरली. तिला सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरांनी गोळी दिली होती. तीत स्यूडोएफेड्रिन होते. मुलीचा दोष नाही हे सर्वांना पटले, तरी तिचे सुवर्णपदक काढून घेतले गेले. डॉक्टरांवरही कारवाई झाली, पण पदक गेले ते मुलीचे. त्याहून भयंकर प्रकार पूर्व जर्मनीत झाला. तेथे सरकारी योजनेखाली कोवळ्या वयातील खेळाडू मुलींना जीवनसत्त्वे म्हणून निळ्या गोळ्या दिल्या जात. त्या स्टिरॉइडाच्या असत. त्या मुलींना खरोखरच ठाऊक नव्हते, आणि त्याची किंमत त्यांच्या शरीरांनी पुढे आयुष्यभर मोजली.

आता यांच्या शेजारी आपल्या रिले धावपटूंना ठेवून पाहा. 2010 च्या राष्ट्रकुल व आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकणाऱ्या संघातील धावपटू 2011 मध्ये स्टिरॉइडांच्या चाचणीत दोषी आढळल्या. परदेशी प्रशिक्षकाने चीनमधून आणलेल्या जिनसेंगच्या कॅप्सूलमधून ती द्रव्ये आली, असे त्यांनी सांगितले. आपल्याकडे एका वर्षाची बंदी झाली. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या अपिलावर लवादाने 2012 मध्ये ती दोन वर्षांची केली. प्रशिक्षकावर विश्वास ठेवणे सोळा वर्षांच्या मुलीला शोभते. अनुभवी, आंतरराष्ट्रीय खेळाडूने कॅप्सूल तपासून न घेता गिळणे हा निष्काळजीपणा ठरतो. भेद वयाचा आणि अनुभवाचा आहे, आणि मला तो न्याय्य वाटतो.

मलकापूरच्या आजोबांसाठी यात महत्त्वाची गोष्ट अशी की सध्याच्या नियमांत अल्पवयीनांना खरोखरच वेगळी वागणूक आहे. सोळा वर्षांखालील खेळाडू, तसेच नियमित चाचणीच्या यादीत नसलेला आणि आंतरराष्ट्रीय खुल्या गटात न उतरलेला अठरा वर्षांखालील खेळाडू, यांना द्रव्य शरीरात कसे आले हे सिद्ध करण्याचे ओझे नसते. दोष मोठा नव्हता एवढे दाखवता आले तर शिक्षा ताकिदीपर्यंत खाली येऊ शकते. उलट त्याच्याभोवतीच्या प्रशिक्षकादी मंडळींची आपोआप चौकशी होते. म्हणजे नातवाचे बोलणे आज थोडेफार खरे आहे. अठराव्या वाढदिवशी ते खरे राहणार नाही.

आणि यकृताला वाढदिवस कळत नाही. मेटॅनडायनोनसारख्या गोळ्या यकृतावर ताण आणतात, रक्तदाब वाढवतात, चांगले कोलेस्टेरॉल उतरवतात. वाढत्या वयात हाडांची टोके लवकर मिटून उंची खुंटते. बाहेरून हार्मोन मिळू लागल्यावर शरीर स्वतःचे बनवणे थांबवते. पाठीवर व खांद्यावर एकाएकी मोठ्या पुटकुळ्या, महिन्या-दोन महिन्यांत पाच-सात किलो वजन, छातीवर स्तनांसारखी दुखरी सूज, डोळ्यांत पिवळेपणा, आणि शांत मुलाचा अकारण भडकणारा स्वभाव ही चिन्हे तालमीत लपतात, कारण तेथे सगळेच वाढत असतात. घरातील वृद्धांच्या नजरेस ती आधी पडतात. डब्यावर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असला तरी त्याचा अर्थ उत्पादकाची नोंदणी आहे एवढाच. आतील प्रत्येक खेप उत्तेजकांसाठी तपासली आहे, असा नाही. पावती नसलेला, ओळखीतून आलेला, ‘पंधरा दिवसांत फरक’ सांगणारा डबा सरळ बंद करावा. दूध, अंडी, डाळी, शेंगदाणे यांनी सतरा वर्षांच्या पैलवानाची प्रथिनांची गरज भागते. खर्चही कमी येतो. औषधांसाठी नाडाचे ‘नो युवर मेडिसिन’ हे मोबाइल ॲप आहे. त्यात औषधाचे नाव टाकून ते प्रतिबंधित आहे का हे पाहता येते. मुलाने ते स्वतः पाहावे, आपण त्याच्या वतीने नव्हे.

गुडघेदुखीसाठी कागदाच्या पुडीतून मिळणारी, नाव-गाव नसलेली ‘जडीबुटी’ घेणाऱ्या ज्येष्ठांना मात्र नातवाला बोलण्यापूर्वी स्वतःची पुडी तपासावी लागेल. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असणे डॉक्टरांना नवे नाही. दोन दिवसांत दुखणे जादूसारखे थांबते, चेहरा गोल होतो, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असाल तर ती एकदम बंद करू नका. शरीर त्या आधाराला सरावलेले असते आणि तो अचानक काढल्यास रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. ते रागावतील, पण मार्ग सांगतील.

आता आजोबांच्या त्या शेवटच्या ओळीकडे येतो, आणि त्यासाठी शेन वॉर्नची आठवण करून देतो. 2003 च्या विश्वचषकात ऑस्ट्रेलियाचा पहिला सामना सुरू होण्याच्या सुमारास या महान फिरकीपटूला दक्षिण आफ्रिकेतून घरी परतावे लागले. त्याच्या नमुन्यात लघवी वाढवणारे औषध सापडले होते. त्याचे म्हणणे असे की जरा सडपातळ दिसावे म्हणून आईने आपल्याला गोळी दिली. गोळी रक्तदाबावर दिली जाणारी, आपल्याकडे घरोघरी असते तशीच. एका वर्षाची बंदी झाली. या गोळ्यांनी ताकद वाढत नाही. पण त्या लघवी पातळ करून इतर द्रव्यांच्या खुणा झाकू शकतात, आणि वजनगटांच्या खेळांत वजन झटपट उतरवतात, म्हणून त्यांवर बंदी आहे. आपल्या औषधांच्या डबीत पाहा : फ्युरोसेमाइड, हायड्रोक्लोरोथायाझाइड, स्पायरोनोलॅक्टोन, शिवाय इन्सुलिन, ही सारी खेळाडूला वर्ज्य आहेत. तुमचे जीवन सावरणारी डबी नातवाच्या कारकिर्दीला आणि प्राणांनाही घातक होऊ शकते.

प्राणांना म्हणतो ते अतिशयोक्तीने नव्हे. 1997 च्या अखेरीस अमेरिकेत सव्वा महिन्याच्या आत तीन महाविद्यालयीन मल्ल वजन उतरवताना मृत्यू पावले. उष्णता, रबरी पोशाख आणि पाणी तोडणे एवढ्यानेच. त्यात लघवीची गोळी पडली तर सोडियम-पोटॅशियम ढळून हृदयाची लय बिघडण्याचा धोका आणखी वाढतो.

तेव्हा आजोबा, आपल्या गोळ्या चार-पाच दिवस आधी का संपतात, याची मला दोन कारणे सुचतात, आणि दोन्ही तपासली पाहिजेत. एक, घेतलेली गोळी विसरून आपण कधी दुसरी घेत असाल. तसे असेल तर उठताना भोवळ येईल, तोंड कोरडे पडेल, आणि सोडियम उतरल्याने विसराळूपणा आणखी वाढेल. ते वय नसून औषध असू शकेल. दुसरे, गोळ्या अन्य कोणी घेत असेल. ते नातूच असेल असे मी म्हणत नाही. विचारल्यावाचून ठरवूही नये. स्पर्धेच्या तारखा आणि गोळ्या कमी पडल्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहून पाहाव्यात, आणि त्याला एकटे बसवून, आरोप न करता, विचारावे. घेतली असेल तर प्रथम त्याची पोटॅशियमची रक्ततपासणी व हृदयाचा आलेख करून घ्यावा. रागवायचे ते नंतर.

आजच सायंकाळी उरलेल्या गोळ्या मोजून पाकिटावर तारीख टाका. सात खणांची आठवड्याची डबी कराडच्या बहुतेक औषध दुकानांत मिळेल. ती सूनबाईंनी किंवा मुलाने दर रविवारी भरावी आणि मूळ पाकिटे कुलपात ठेवावीत. रोज सकाळी लघवी झाल्यावर, न्याहारीपूर्वी, वजन करून वहीत लिहा. तीन दिवसांत दोन किलो वाढले किंवा रात्री आडवे झाल्यावर दम लागू लागला, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा, आणि जाताना ती वही, ती पाकिटे आणि नातवाचा तो प्लास्टिकचा डबाही बरोबर न्या.